कपाळावरचे तीन डोळे

माझे दोन्ही डोळे उणे सहाचे. त्यामुळे मधमाशीला, चतुराला, टोळाला दोन मोठ्या संयुक्त डोळ्यांच्या मध्ये, कपाळावर, आणखी तीन साधे डोळे फुकटात मिळालेत हे वाचल्यावर मला रीतसर मत्सर वाटला. पण या टिकलीएवढ्याही नसलेल्या डोळ्यांना चित्रबित्र काही धड दिसत नाही. उजेड किती आणि आभाळ कुठल्या अंगाला, एवढंच कळतं, आणि त्यावर उडताना तोल सांभाळला जातो. चष्मा काढला की मलाही साधारण तेवढंच दिसतं.

तोल मात्र जातो.

तर आंबोलीला, सासुरवाडीत, ऐन पावसाळ्यात, काडीकिड्याच्या कपाळावरचे डोळे मोजायचं मी डोक्यात घेतलं. हा प्राणी रात्रीचा हिंडतो, म्हणून जेवणं झाल्यावर मेव्हण्याचे दोन नंबर मोठे गमबूट घालून, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात भिंग, छत्री मानेत धरून, चष्म्यावर पावसाचे थेंब झेलत मी गडग्यावर चढलो आणि पेरूच्या एका फांदीचं बराच वेळ बारकाईनं निरीक्षण केलं. ती फांदीच होती. "आतोबा, त्याच्या बाजूला," खालून भाचा म्हणाला.

खरा किडा वाऱ्यावर काडी हलावी तसा डुलत होता. पुढचे पाय सरळ समोर ताणलेले. त्यांच्या मुळाशी बाक असतो, त्यात डोकं नेमकं बसतं, म्हणजे डोकं कुठं संपलं आणि पाय कुठं सुरू झाला याचा पत्ताच लागत नाही. मी भिंग नेलं. कपाळ कोरं! बिनपंखाच्या काडीकिड्यांना हे साधे डोळे बहुधा नसतातच. उडायचंच नाही तर तोल कशाला सांभाळायचा, हे मी भाच्याला समजावत असतानाच डावा गमबूट गडग्यावरच राहिला आणि मी चिखलात. धक्क्यानं किडाही खाली पडला, आणि मेल्याचं सोंग घेऊन ताठ पडून राहिला.

मीही.

आंघोळीनंतर गेलेली पत सावरायला मी ओटीवर माहिती सांगायला बसलो. तमिळनाडूच्या डोंगरांतली एक जात युरोपातल्या प्रयोगशाळांत शंभराहून अधिक वर्षं पाळतात. तिच्यात नर जवळजवळ नसतोच, माद्या आपल्या आपण बियांसारखी अंडी टाकतात, त्यांतून पुन्हा माद्याच. सासूबाई पहिल्यांदाच माझं बोलणं मन लावून ऐकत होत्या.

"आणि सगळं नीट चालतं?" त्यांनी विचारलं.

"उत्तम चालत असणार," गमबुटातला चिखल काढत बायको म्हणाली.