इनोडराव

संगणकाची डिस्क बसली की घरातून पहिला फोन जातो तो भाच्याला आणि दुसरा इनोडरावांना. या दोन फोनांच्या मध्ये भाच्याने काय केलं, हे शोधून काढण्यात इनोडरावांची निम्मी हयात गेली आहे.

इनोडराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. युनिक्सच्या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलमागे इनोड नावाची एक नोंद असते आणि हा गृहस्थ उठता-बसता तिचाच जप करतो, म्हणून लोकांनी ठेवलेलं. असा एकेक इनोडराव पुण्यात पेठेगणिक, ठाण्यात सोसायटीगणिक आणि नाशकात एखाद्या छापखान्याच्या मागच्या खोलीत हमखास सापडतो. वय पंचेचाळीस ते साठ. चेहऱ्यावर कुणाचं तरी काहीतरी कायमचं गेल्याचा भाव. बऱ्याचदा ते गेलेलं असतंही.

आले की ते चपला काढतात, मशीनकडे न बघता माणसाकडे बघतात आणि विचारतात, "काय केलंत?"

"काहीच नाही हो."

"बरं. काहीच नाहीमध्ये काय काय केलंत?"

मग हळूहळू कबुलीजबाब बाहेर पडतो. वीज गेली, यूपीएसने मान टाकली, मशीन पुन्हा चालू केलं तर काळ्या पडद्यावर सुपरब्लॉक बिघडल्याची तक्रार. भाचा आला. त्याने एफएससीके चालवलं. त्या प्रोग्रॅमने विचारलं, हा इनोड पुसू? भाचा म्हणाला, हो. ही नोंद काढू? हो. वीस-पंचवीस वेळा हो म्हणून बोट दुखल्यावर भाच्याने सगळ्या प्रश्नांना एकदाच हो म्हणायची सोय शोधून काढली आणि तो चहा प्यायला गेला. इथवर ऐकून इनोडराव डोळे मिटतात. "बेल लॅब्जमधल्या टेड कोवाल्स्कीने हे हत्यार केलं ते फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवायला," ते म्हणतात. "हिशोब जुळवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे न जुळणाऱ्या रकमा खोडून टाकणं. तुमचा डेटा वाचलाच पाहिजे, असं त्याने कुणाला वचन दिलेलं नाही."

त्यांचा पहिला हुकूम नेहमी एकच: मशीन बंद. दुसरा हुकूम लोकांना त्याहून झोंबतो: पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, नाहीतर जवळच्या बाजारात जा आणि नवी डिस्क घेऊन या, जुनीपेक्षा मोठी. "अहो, गेलीय ती परत मिळवायची सोडून नवीन कशाला?" असं कुणी म्हणालं, की इनोडराव बोलत नाहीत, परत चपला घालायला लागतात. नवी डिस्क आली की डीडीरेस्क्यू लावून ते जुनीची हुबेहूब प्रत काढायला बसतात. आधी सुखासुखी वाचता येणारा भाग, मग पुन्हा पुन्हा फिरून अडलेले कोपरे; कुठवर आलो याची नोंद शेजारच्या फाइलमध्ये. ही प्रत निघायला कधी रात्र जाते, कधी आठवडा. पुढची सगळी कापाकापी प्रतीवर. मूळ डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र ते हातही लावत नाहीत. "हे माझं काम नाही. धूळ नसलेल्या खोलीत उघडणाऱ्यांकडे न्या," म्हणून चहा न घेता उठतात.

प्रत निघत असते तेवढ्या वेळात ते यजमानांची शिकवणी घेतात. "फाइल म्हणजे जमीन, इनोड म्हणजे तिचा सातबारा. मालक कोण, आकार किती, कुठले कुठले तुकडे हिच्या वाट्याचे, सगळं त्यावर. तुम्ही फाइल पुसलीत म्हणजे काय केलंत? दप्तरातलं नाव कमी केलंत. जमीन जाते कुठे? दुसरा कुणी येऊन तिथे घर बांधेपर्यंत ती आहे तिथेच आहे. म्हणून म्हणतो, मशीन बंद करा. चालू मशीन सारखं कुठे ना कुठे बांधकाम करतच असतं." हे ऐकून आजोबांना पहिल्यांदाच संगणक कळतो. मग ते आपल्या चुलत्याने लाटलेल्या दीड एकराची गोष्ट काढतात आणि इनोडराव तीही शांतपणे ऐकतात.

सुपरब्लॉक म्हणजे अख्ख्या डिस्कचा सारांश: ब्लॉक किती, इनोड किती, मोकळं काय. तो गेला की यंत्राच्या लेखी डिस्क कोरी. पण ज्यांनी हे रचलं त्यांनाही वीज जाते हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्याच्या प्रती डिस्कभर पेरून ठेवल्या. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत त्या कुठे असतात, हे इनोडरावांना तोंडपाठ आहे. ते पाढाच म्हणतात: 32768 एके 32768, त्रिक 98304, पाचा 163840, साती 229376, नव्वे 294912. सम पटी नाहीत. पहिल्यानंतर फक्त तीन, पाच आणि सात यांचे घात. डिस्क फॉरमॅट करणाऱ्या एमकेई2एफएसला 'एन' जोडून विचारलं तर तोही हे आकडे सांगतो, पण तो 'एन' टाकायला विसरलात तर आकडे सांगता सांगता डिस्क नव्याने फॉरमॅट करून मोकळा होतो. म्हणून इनोडराव कुणाला विचारत नाहीत.

हे तत्त्व त्यांनी संसारातही उतरवलंय. घराच्या जादा किल्ल्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मजल्यावर दिलेल्या आहेत. इमारत सातच मजली, त्यामुळे नवव्याची किल्ली शेजारच्या टॉवरमध्ये असते. वहिनींनी एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे किल्ली ठेवली, तर दोन दिवस अबोला.

त्यांच्या काळजातली जखम ईएक्सटी3 नावाच्या फाइल सिस्टिमची आहे. आधीच्या ईएक्सटी2मध्ये पुसलेल्या फाइलच्या इनोडवर तिच्या तुकड्यांचे पत्ते तसेच राहत. शोधणाऱ्याला ती माणुसकी वाटे. ईएक्सटी3 आलं, 2001 साली लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये शिरलं, बदलांची नोंद ठेवणारं जर्नल घेऊन आलं, वीज गेली तरी सावरायला लागलं. पण फाइल पुसताना पत्त्यांच्या जागी शून्यं भरायला लागलं. "सुधारणा केली म्हणे," इनोडराव पुटपुटतात. एसएसडीचा तर विषयही नको. तिथे ट्रिमची आज्ञा गेली की पुसलेलं बहुधा खरंच पुसलं जातं, आणि असं पुसणं त्यांना असभ्य वाटतं.

पत्ते गेले तरी ते हार मानत नाहीत. मग फोटोरेक काढतात. हा प्रोग्रॅम नोंदी बघतच नाही. सगळी डिस्क चाळतो आणि जेपेगची सुरुवात कुठे दिसते, पीडीएफची कुठे, हे ओळखून फाइली बाहेर ओढतो. फक्त नावं परत येत नाहीत, कारण नाव मुळात इनोडमध्ये नसतंच, ते डिरेक्टरीत असतं. एफएससीके बेवारस फाइली टाकतं त्या 'लॉस्ट+फाउंड'मध्येही फाइली मिळतात त्या नुसत्या आकड्यांच्या. मुंजीचे, सहलीचे, गॅस सिलिंडरच्या पावतीचे फोटो एका रांगेत उभे. यजमान विचारतात, "यातला बाबांचा एकसष्टीचा कुठला?" इनोडराव म्हणतात, "मी आणून दिलं. आता ओळखायचं तुम्ही."

जे हवं होतं त्याच्याबरोबर जे नको होतं तेही वर येतं, हा या विद्येचा खरा धोका. एका व्यापाऱ्याची हिशोबाची वही त्यांनी मार्चअखेर परत मिळवून दिली. एक मागितली होती, दोन मिळाल्या. दुसरी त्याने स्वतःच्या हाताने पुसली होती. व्यापाऱ्याने दुप्पट पैसे दिले आणि इनोडरावांनी निम्मे परत केले, कारण त्यांच्या मते दुसऱ्या वहीला मेहनत पडलीच नव्हती.

'टॉय स्टोरी 2'चं नाव काढलं की ते तोंड वाकडं करतात. 1998 साली पिक्सारमध्ये कुणीतरी पुसण्याची आज्ञा दिली आणि सिनेमाचा मोठा भाग डोळ्यांदेखत नाहीसा होत गेला. ऑफिसातला बॅकअप कुचकामी निघाला. सिनेमा वाचला तो त्यावर काम करणाऱ्या गॅलिन सुसमन तान्ह्या बाळामुळे घरून काम करत होत्या आणि घरी एक प्रत होती म्हणून. "यात कसब काय?" इनोडराव विचारतात. "घरी गेले, मशीन उचललं, आणलं!"

आणि इथेच त्यांची खरी गोम आहे. बॅकअप घ्या, असं ते प्रत्येकाला बजावतात. पण तुम्ही खरोखर घेतलात तर त्यांना मनातून जरा वाईट वाटतं. तरी तुम्ही घ्याच. एक प्रत घरात, एक घराबाहेर, आणि वर्षातून एकदा ती उघडते का तेही बघा. नाहीच घेतलात आणि डिस्क बसली, तर मशीन बंद करा, इनोडरावांना फोन लावा, आणि ते येईपर्यंत भाच्याला आइस्क्रीम खायला बाहेर पाठवा.