निळा हापूस

‘छोटा हत्ती’ टेम्पोवर जाहिरात चढवायची म्हटली की मालकाचा पहिला आणि शेवटचा प्रश्न, ‘चौरस फुटाला काय भाव?’ कॅलेंडर्ड फिल्म स्वस्त पडते, मग कास्ट फिल्मचं नाव कशाला काढा? लॅमिनेशनही वाचवायचं, तेवढ्यात शेठचा हात जोडलेला फोटो जरा मोठा बसतो. पुढचं काम ऊन करतं. पिवळा आणि गुलाबी आधी उडतात, निळा मागे राहतो. जाहिरातीतला देवगड हापूस निळा पडतो, शेठही. लाटून केलेली ही कॅलेंडर्ड फिल्म आकसते, पत्र्याच्या पन्हळीतून सुटते आणि मोबाइल नंबराचे शेवटचे आकडे हवेत फडफडतात. खापर अर्थात चिकटवणाऱ्या पोरावर. शेठ, पन्हळी पत्र्याला कास्टच घ्या, वर लॅमिनेशन करा. फोटो छोटा चालेल.