छंद : गड-किल्ले भ्रमंती

आमच्या भाच्याला मुलाखतीच्या तीन आठवडे आधी छंद लागला. अर्जात तो त्याच्याही आधी भरून झाला होता : गड-किल्ले भ्रमंती. पाच वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सात ते रात्री अकरा एकाच खुर्चीवर बसणारा, कॉट बेसिसवर राहणारा हा मुलगा. मेसच्या डब्यातली भाजी कसली ते ओळखणं एवढीच त्याची करमणूक. त्याला छंद कुठला असणार? पण सरकारी रकाना रिकामा ठेवायचा नसतो. 'वाचन' लिहावं, तर शेवटचं पुस्तक कुठलं वाचलं म्हणून विचारतात, आणि अख्ख्या पेठेचं शेवटचं पुस्तक एकच : राज्यव्यवस्थेवरचं लक्ष्मीकांत.

मग एका रविवारी मीच त्याला सिंहगडावर नेलं. पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं, भजी झाली. उतरताना म्हणाला, "मामा, राजगडाच्या माच्या तीन. सुवेळा, संजीवनी, पद्मावती."

"अरे, आपण सिंहगडावर आहोत."

"हो, पण विचारतात राजगडाचं."

यूपीएससीचा हिशेब असा : लेखी १७५०, मुलाखत २७५, एकूण २०२५. (आपल्या एमपीएससीनंही आता हाच साचा उचललाय.) आयोग हिला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. उलटतपासणी नव्हे, सहज संभाषण अपेक्षित आहे, असं त्यांच्या जाहिरातीतच छापलेलं असतं. ही सहजता अंगी यावी म्हणून भाच्यानं अकरा मॉक दिले.

मॉक फुकट असतात, वर चहा-बिस्किट. पहिल्या क्लासमधले निवृत्त साहेब म्हणाले, "खुर्चीला टेकू नका." दुसऱ्या क्लासमधल्या बाईंनी शेरा लिहून दिला, "फार ताठ बसता, टेका." तिसरीकडे हसण्याचं माप मिळालं : ओठ हलावेत, दात दिसू नयेत. भाचा रात्री आरशासमोर त्याचा सराव करायचा. रूममेटला वाटलं, दाढ दुखतेय. त्यानं बिचाऱ्यानं लवंग आणून दिली.

घोड्यानं पेंड खाल्ली ती एका प्रश्नावर. "प्रशासनात का यायचंय?" भाचा खरं बोलला. आजोबा गेल्यावर वारसाच्या फेरफारासाठी वडलांनी नऊ हेलपाटे घातले, दर वेळी एक कागद कमी. नवव्या वेळी हा सोबत होता. तेव्हा वाटलं, टेबलाच्या पलीकडे आपल्यातलं कुणीतरी बसायला हवं.

पॅनेल क्षणभर गप्प. मग साहेब म्हणाले, "उत्तर चांगलंय. पण निगेटिव्ह जातं." त्याऐवजी 'समाजाच्या शेवटच्या घटकापर्यंत पोहोचायचंय' असं म्हणा, म्हणाले. पेठेत सगळ्यांना हेच उत्तर वाटलेलं आहे. एवढी फौज आपल्याकडे निघालीये म्हटल्यावर त्या शेवटच्या घटकानं आतून कडी लावून घेतली असणार. भाच्यानं हे उत्तर फोनवर वडलांना म्हणून दाखवलं. पलीकडून परभणीहून आवाज आला, "शेवटचा घटक म्हंजे कोन रे?" तुरीच्या पट्टीतून नुकतेच सुटाचे पैसे पाठवून ते मोकळे झाले होते.

दिल्लीला शहाजहान रोडवर, धौलपूर हाऊसमध्ये अर्धा तास मुलाखत झाली. गड निघाले नाहीत, किल्लेही नाहीत. एका सदस्यानं विचारलं, "जमिनीच्या नोंदी संगणकावर आल्या, तरी शेतकऱ्याला खेटे का घालावे लागतात?" पुऱ्या हिंदुस्थानात हा प्रश्न विचारायला याच्याइतका योग्य मुलगा मिळाला नसता. भाच्यानं ओठ हलवले, दात दाखवले नाहीत, आणि ई-फेरफार प्रणालीचे सहा फायदे सांगितले.

गुण उत्तम पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेठेत त्याचे सात फ्लेक्स लागले, सात क्लासचे. प्रत्येकावर 'आमचा विद्यार्थी', प्रत्येकावर तोच निळा सूट. त्यातल्या पाच ठिकाणी तो आयुष्यात चाळीस मिनिटं बसला होता. क्लासवाल्यांच्या फसव्या जाहिरातींना आवर घालायला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमावली काढली. निवड झालेल्यानं कुठला कोर्स केला ते छापा, निकालानंतर त्याची लेखी संमती घ्या. त्यामुळे आता फ्लेक्सच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात 'मुलाखत मार्गदर्शन' असं असतं. वाचायचं तर गटारावर वाकावं लागतं. मी वाकलो, म्हणून सांगतो.

गावातही फ्लेक्स लागला. मागच्या सोमवारी वडील पुन्हा कार्यालयात गेले. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. साहेब उठून उभे राहिले, स्वतःची खुर्ची दिली, पेढा मागितला, चहा पाजला. मग फाइल उघडून म्हणाले, एक कागद कमी आहे.