चाकांवरचे संस्थान

डोंगरात जाऊन चार दिवस राहावे अशी इच्छा ज्याला होते, त्याला मनातून घराचा कंटाळा आलेला असतो. आणि डोंगरात पोहोचल्यावर पहिल्याच रात्री उशी कडक निघाली, चहा पुचाट मिळाला आणि पांघरुणाला परका वास आला, की त्याच इसमाला घराखेरीज दुसरे काही आठवत नाही. मनुष्यस्वभावातील ही विसंगती आमच्या ऋषिमुनींनी वैराग्याने मिटवू पाहिली. अमेरिकेतील व्यवहारचतुर लोकांनी ती घरालाच सहा चाके लावून मिटवली.

डेन्व्हर येथे स्थायिक झालेल्या आमच्या चिरंजिवांनी असे एक मोटारहोम भाड्याने आणून दारात उभे केले, तेव्हा शेजारच्या घराचे सकाळचे ऊन बंद झाले. लांबी 28 फूट. आत पलंग, चूल, फ्रिज, मोरी, शौचकूप, आणि वाहनचालकाच्या डोक्यावर एक माळावजा शय्या, जिच्यावर नातवंडांनी कोणाचाही हुकूम होण्यापूर्वीच कबजा केला होता. आमच्या सौभाग्यवतींनी आत एक फेरी मारली, चुलीपासून शौचकूपापर्यंतचे अंतर वितीने मोजले आणि विचारले, "अहो, ह्यात सोवळं-ओवळं करायचं कुठे?" प्रवासात शास्त्राने सवलत दिली आहे असे मी सांगताच, "शास्त्र लिहिणाऱ्यांनी ही गाडी पाहिली नव्हती," असा अभिप्राय देऊन त्यांनी कुकर आत चढवला.

शहरात राहणाऱ्या गृहस्थाला आपण केवढ्या मोठ्या दौलतीच्या आश्रयाने जगतो याची कल्पना नसते. नळ फिरवला की पाणी येते. ते कोठून आले हे नगरपालिका जाणे, आणि कोठे गेले हे विचारण्याचा प्रघात नाही. मोटारहोमचे दार लोटून घेतले, की ही सारी खाती विनामोबदला आपल्या पदरी येतात. स्वच्छ पाण्याची एक टाकी, मोरीच्या पाण्याची दुसरी, आणि जिचा उल्लेख चारचौघांत शक्यतो टाळावा अशी तिसरी; शिवाय गॅस, बॅटऱ्या आणि जनरेटर; आणि या सर्वांची शिल्लकबाकी दाखवणारा लुकलुकत्या दिव्यांचा एक फलक दाराशी बसवलेला. स्वतंत्र पाणीपुरवठा, स्वतंत्र वीज, स्वतंत्र मलनिःसारण आणि सरहद्दीवर एक पायपुसणे एवढे असल्यावर त्यास संस्थान म्हणण्यास हरकत ती कोणती? आता संस्थान म्हटले की मानकरी आलेच. चिरंजिवांकडे सरनौबती गेली. राष्ट्रीय उद्यानातील मुक्कामाच्या जागा सहा महिने आधी आरक्षणाला खुल्या होतात आणि हा हा म्हणता संपतात, त्या पटकावण्याची चिकाटी सूनबाईंच्याच अंगी असल्यामुळे फडणिशी त्यांच्याकडे गेली. मुदपाकखाना सौभाग्यवतींचा, हे निराळे सांगावयास नको. आणि महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या मला, मान मोठा आणि अधिकार शून्य असे पेन्शनर संस्थानिकाचे पद आपोआपच प्राप्त झाले.

रॉकी पर्वताचा मुलूख आम्हा सह्याद्रीच्या लेकरांना नम्र करणारा आहे. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून 5,280 फुटांवर वसले आहे. म्हणजे कळसूबाईच्या ज्या 5,400 फुटांच्या माथ्यावर धापा टाकीत पोहोचून मराठी मनुष्य देवीपुढे नारळ फोडतो आणि महाराष्ट्राचे सर्वोच्च स्थान जिंकल्याच्या आनंदात छायाचित्र काढून घेतो, जवळपास त्याच उंचीवर डेन्व्हरकर रोज दूध आणायला जातो. तेथून वायव्येस एस्टेस पार्क हे गाव लागते आणि त्याला लागूनच रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. अध्यक्ष विल्सन यांनी या उद्यानाच्या कायद्यावर सही केली ती 26 जानेवारी 1915 रोजी. आमच्या प्रजासत्ताकदिनाची तारीख 35 वर्षे आधीच वापरून टाकल्याबद्दल मी मनातल्या मनात निषेध नोंदवून पुढे झालो.

मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर घर उभे करणे हा एक स्वतंत्र विधी आहे. 28 फुटांची वास्तू दोन पाइन वृक्षांच्या मधून मागे घ्यायची असते, आणि अशा वेळी मागे उभा राहून हात हलवणाऱ्या पित्यापेक्षा आरशावर अधिक विश्वास ठेवण्याकडे मुलाचा कल असतो. मी एस.टी.च्या कंडक्टरांचा आदर्श पुढे ठेवून गाडीच्या पाठीवर थापा मारीत "येऊ दे, येऊ दे" असा घोष चालवला. साताऱ्यात वाढलेल्या चिरंजिवांस ती भाषा समजली. आजूबाजूच्या तंबूंतील मंडळींना ती समजली नसावी, पण तीही खुर्च्या आमच्याकडे वळवून बसली. गाडी उभी राहिली की पाणसळ काढावी लागते, कारण आमचा फ्रिज गॅसवर चालणारा होता आणि असा फ्रिज कलत्या जमिनीवर काम करण्याचे साफ नाकारतो. पाणसळीतल्या बुडबुड्यावरून कोणता कोपरा बसला आहे ते ठरवायचे, त्या चाकापाशी पिवळ्या ठोकळ्यांची चवड रचायची, चाक तिच्यावर चढवायचे, आणि मग दुसराच कोपरा बसलेला पाहायचा, हे खाते माझ्याकडे होते. एका घरातल्या सगळ्यांच्या दह्याचे भवितव्य एका बुडबुड्यावर अवलंबून असू शकते, हे ज्ञान मला साठी उलटल्यावर झाले.

मुदपाकखान्याच्या अडचणी याहून गहन. आठ-नऊ हजार फुटांवर पाणी 100 अंशांची वाट न पाहता 91-92 अंशांवरच उकळू लागते. त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर खदखदली तरी आपला कणखरपणा सोडत नाही, आणि वाफ कोंडून दाब वाढवणारा कुकर हाच एक तरणोपाय उरतो. पहिल्या रात्री फोडणीत मिरच्या पडताच छतावरील धुराच्या यंत्राने असा आक्रोश मांडला, की तेव्हापासून दर फोडणीला नातवाने बाकावर उभे राहून त्या यंत्राखाली टॉवेलची चवरी ढाळावी असा दंडकच पडला. पुढल्या मुक्कामी कुकरची पहिली शिट्टी होते न होते, तोच शेजारच्या बसएवढ्या मोटारहोमातून एक वृद्ध सद्गृहस्थ बॅटरी घेऊन धावत आले. आमच्या ब्रेकमधून हवा सुटते आहे अशी त्यांची खात्री झाली होती, आणि चिरंजीव बाहेर पडेपर्यंत ते आमच्या गाडीखाली निम्मे शिरलेही होते. दुसरी शिट्टी झाली तसे ते मागल्या चाकांकडे सरकले. खिडकीतून हा प्रकार पाहणाऱ्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अरे, त्यांना सांग, अजून एक व्हायचीय, मग बंदच करते." हे वाक्य चिरंजिवांनी इंग्रजीत जसेच्या तसे सांगितले मात्र, ते सद्गृहस्थ त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने बाहेर आले.

अस्वलांच्या बाबतीत उद्यानाचा कायदा कडक आहे. खाद्यपदार्थच काय, पण साबण, दातांची पेस्ट, किंबहुना वास येणारी कोणतीही वस्तू उघड्यावर ठेवता कामा नये. सूनबाईंनी हे फर्मान वाचून दाखवले तेव्हा हिंगाच्या डबीचा प्रश्न उपस्थित झाला. कारण डबी डब्यात, डबा कपाटात आणि कपाट बंद गाडीत ठेवूनही तिचा वास सर्वत्र मुक्त विहार करीत होता. अस्वल आले नाही. ते येऊन, हुंगून, परत गेले असावे असे माझे मत आहे.

एस्टेस पार्कहून पश्चिमेस ग्रँड लेककडे जाणारा ट्रेल रिज रस्ता 12,183 फुटांपर्यंत चढतो. हिवाळाभर तो बर्फाखाली बंद असतो, आणि त्यातील 11 मैल तर वृक्षरेषेच्याही वरून जातात. तेथे झाड नाही, कित्येक वळणांवर कठडा नाही, आणि त्याबद्दल तक्रार करण्याइतका श्वास कोणापाशी नाही. प्रत्येक वळणाला कपाटातली ताटे-भांडी डावीकडून उजवीकडे स्थलांतर करीत होती, आणि उतारावर चिरंजिवांनी गियर खालचा टाकला की सौभाग्यवतींच्या रामरक्षेची पट्टी वर चढत होती. पुढे मिलनर खिंड लागते. हा त्या खंडाचा जलविभाजक: पूर्वेस पडलेले पाणी मिसिसिपीच्या वाटेने मेक्सिकोच्या आखातात जाते, पश्चिमेस पडलेले कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातून पॅसिफिकच्या वाटेला लागते. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना त्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागरास जाणाऱ्या कृष्णेच्या काठी जन्म काढलेल्या मला हा चमत्कार नवा नव्हता. तरी फलकापुढे उभा राहून मी नातवंडांना त्याचे माहात्म्य सांगत होतो, इतक्यात सूनबाईंनी दारातून जाहीर केले की मोरीची टाकी भरली. आभाळातून पडलेल्या पाण्याला दोन महासागर मोकळे. पण आमच्या आमटीचे पातेले विसळलेल्या पाण्याला त्या अफाट मुलखात तसूभर जमीन मिळणार नव्हती. सरकारने नेमून दिलेल्या जागेपर्यंत त्याने आमच्याबरोबर प्रवास केलाच पाहिजे, असा कायदा.

ती नेमून दिलेली जागा म्हणजे काँक्रीटमध्ये एक भोक, त्यावर लोखंडी झाकण, शेजारी एक नळ, आणि आपली पाळी येईपर्यंत खिडक्या घट्ट लावून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग. चिरंजिवांनी कोपरापर्यंत हातमोजे चढवले, जाड लवचिक नळीचे एक टोक गाडीच्या पोटाला पिळून बसवले, दुसरे भोकात दाबले, आणि नातवाला त्यावर धोंडा ठेवण्यास फर्मावले. येथे क्रमाला महत्त्व आहे: आधी त्या अनुल्लेखनीय टाकीची झडप उघडायची, मग मोरीच्या टाकीची, म्हणजे दुसरीच्या पाण्याने नळी धुऊन निघते. लहानपणी स्वतःचे ताट उचलून ठेवताना ज्याने घर डोक्यावर घेतले, तोच आमचा संगणकतज्ज्ञ पुत्र नळीच्या पारदर्शक तुकड्यातून प्रवाह निवळला की नाही हे डोळे बारीक करून न्याहाळत होता. काम उरकून तो वळला, तो मातोश्रींनी दार आतून लावून घेतलेले. "आधी आंघोळ, मग घरात!" स्नानाची मोरी घरातच आहे, हा त्याचा मुद्दा त्यांना मान्य झाला नाही.

डेन्व्हरला परतल्यावर एका कारकुनाने गाडीचा पंचनामा केला, टाक्या रिकाम्या असल्याचा शेरा मारला, आणि आमचे संस्थान एका सहीनिशी विलीन झाले. तनखा मिळाला नाही. उलट गॅलनमागे आठ-दहा मैल एवढीच मजल मारणाऱ्या त्या स्वारीचा पेट्रोलखर्च मात्र दप्तरी राहिला. घरी आल्यावरही काही काळ सर्वांच्या अंगी संस्थानी शिस्त टिकून होती. दात घासताना कोणी नळ मोकळा सोडीना, आणि नातू तर दिव्यांचा फलक शोधत भिंती धुंडाळू लागला. तो सापडेना, तेव्हा त्याने मला विचारले, "आजोबा, या घराची टाकी कुठे आहे? ती रिकामी कोण करतं?" सुधारणा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून नळी धरणारा मनुष्य आपल्या दृष्टीआड जाणे होय, असे उत्तर माझ्या जिभेवर आले होते, पण एवढे सत्य त्याच्या वयाला पचले नसते, आणि माझ्याही वयाला ते पचत नव्हते. तेव्हा ज्या उत्तराने मी हयातभर अर्जदारांस वाटेला लावले, तेच त्याला दिले: "बाळ, हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. लेखी अर्ज कर." त्याने तो त्याच संध्याकाळी केला. अर्ज माझ्या टेबलावर असून तूर्त विचाराधीन आहे.