भागाकार कोणत्या जिल्ह्याचा?

‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या 2023च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयोगटातल्या जेमतेम 43 टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. पुण्यातल्या विद्यापीठाबाहेरच्या टपरीवर निकाल लगेच लागला: ‘मराठवाड्यातली पोरं, दुसरं काय!’ कोल्हापूरकराने त्यात विदर्भाचा आळस मिसळला, नागपूरकराने पुणेरी शिष्टपणा. (लातूर पॅटर्नच्या क्लासची फी भरताना मात्र मराठवाडा एकदम विद्वान होतो.) पाहणी शहरात झालीच नाही, हे शहरांचं नशीब. मग सहा चहा, दोन क्रीमरोलचं बिल आलं. सहा पदव्युत्तर डोकी, सहा मोबाईल, उत्तरं चार. टपरीवाल्याने तोंडी हिशोब सांगितला. पण तो नांदेडचा, म्हणून पुन्हा कॅल्क्युलेटर उघडले.