वाहनप्रमुख

सहकुटुंब सहलीचं पक्कं झालं की घरातली खाती आपोआप वाटली जातात. तिकिटांचं खातं रात्री जागणाऱ्याकडे जातं, खाऊचं वहिनींकडे, आणि पासपोर्ट सांभाळायचं काम घरातल्या सर्वांत घाबरट माणसाकडे. वाहनखातं मात्र कुणी कुणाला देत नाही. ते घ्यायचं असतं. पन्नाशीच्या आसपासचे, एरवी सौम्य स्वभावाचे एक काका किंवा भाऊजी "गाडीचं मी बघतो, तुम्ही कुणी त्यात पडू नका" असं म्हणतात आणि वाहनप्रमुख होतात. सहल मॉरिशसची असेल तर मग विचारायलाच नको. सात दिवस बेटावर राहायचं, गाडी भाड्याने घेऊन आपली आपण फिरवायची, आणि इंग्रजांच्या कृपेने तिथेही रस्त्याची बाजू डावीच. म्हणजे शेजारच्या फ्रेंच रीयुनियन बेटावर उजवीकडून जाताना जी धांदल उडाली असती, तीही इथे नाही. वाहनप्रमुखांच्या कर्तृत्वाला रान मोकळं. पुढचे दोन महिने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समुद्राचा एकही फोटो येत नाही. येतात ते डॅशबोर्डचे आणि डिकीचे.

वाहनप्रमुखांचा अभ्यास वरवरचा असतो असं कुणी म्हणू नये. तो सखोल असतो, फक्त भलत्याच गोष्टीचा असतो. पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देते?" आता मॉरिशस हे बेट उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदीला फार तर ४५. रस्त्यांची वळणं धरून, रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आलं, तरी आठवड्यात १००० किलोमीटरच्या आसपास होतील. लिटरला पंधरा देणारी गाडी आणि अठरा देणारी गाडी यांच्यात एवढ्या अंतरात फरक पडतो अकरा लिटरचा. या अकरा लिटरसाठी तीन रविवार खर्ची पडलेले असतात. दुसरा प्रश्न ग्राउंड क्लिअरन्सचा आणि चढावर गाडीचं पिकअप कसं, याचा. या बेटावरचं सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचं आहे, म्हणजे आपल्या माथेरानच्या जवळपास आणि कळसूबाईच्या निम्मं. त्यातून त्या शिखरावर गाडी जातच नाही, पायी चढावं लागतं. ज्या गृहस्थांनी आयुष्यभर आठशे सीसीच्या गाडीत चार माणसं आणि पाण्याचा कॅन घालून सिंहगड चढवला, त्यांना शामारेलच्या घाटासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह हवीशी का वाटावी, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

माझं म्हणणं असं की वाहनप्रमुख भाड्याच्या गाडीला विकतच्या गाडीचे प्रश्न विचारतात, आणि हा दोष त्यांचा एकट्याचा नाही. ज्या पिढीने त्यांना घडवलं, तिने स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली. तो नंबर लागला की चेतक घरी आणायची की नंबरच वरच्या पैशांत विकून टाकायचा, यावर घरात बैठका झाल्या. मोटार म्हणजे फियाट नाहीतर ॲम्बॅसिडर; १९८३ साली मारुती आली तेव्हा तिच्यासाठीही पैसे भरून रांगेत उभं राहावं लागलं. अशा काळात गाडी घेणं हा आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करायचा निर्णय होता. चुकला तर वीस वर्षं निस्तरायचा. त्यामुळे ॲव्हरेज, स्पेअर पार्ट, सर्व्हिस सेंटर किती लांब आणि विकताना किंमत किती येईल, हे चार प्रश्न अत्यंत शहाणपणाचे होते. ते अंगात इतके मुरले की पुढच्या मंगळवारी दुपारी बारा वाजता परत द्यायच्या गाडीबद्दलही माणूस विचारतो, "हिला रीसेल आहे का?" कार्यालयात पंगतीला बसताना खुर्चीच्या लाकडाला पुढे वाळवी लागेल का, याची चौकशी करण्यासारखंच हे. पण विचारणारा गंभीर असतो, आणि त्याच्या गांभीर्यामागे तीन दशकांची टंचाई उभी असते, हे हसणाऱ्याने विसरू नये.

दुसरा पुरावा खुद्द करारपत्रातलाच आहे. भाड्याच्या गाड्यांच्या धंद्यात गाडीचं मॉडेल राखून ठेवण्याची पद्धत जवळपास नाही. राखून ठेवतात तो वर्ग. जगभरच्या बऱ्याच कंपन्या त्यासाठी चार अक्षरांचा संकेत वापरतात: पहिलं अक्षर गाडीच्या आकारमानाचं, दुसरं प्रकाराचं, तिसरं गिअर हाताने टाकायचे की आपोआप पडणार याचं, आणि चौथं इंधन आणि एसीचं. ईसीएमआर म्हटलं की छोटी, किफायतशीर, हाताने गिअर टाकायची, एसीवाली गाडी. या चार अक्षरांत कंपनीचं नाव नाही, रंग नाही, सनरूफ नाही. चित्रात दिसते ती गाडी केवळ नमुन्यादाखल असते आणि खाली बारीक टायपात 'किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं. वाहनप्रमुखांनी ज्या विशिष्ट मॉडेलची तिन्ही व्हेरिअंट तोंडपाठ केलेली असतात, ते मॉडेल त्यांना कुणी देऊच केलेलं नसतं. विमानतळावरच्या काउंटरवर हाती पडते ती त्या वर्गातली त्या दिवशी धुऊन तयार असलेली गाडी. बहुधा पांढरी. बहुधा सुझुकी नाहीतर ह्युंदाई. सहा तास विमानात अवघडून, अर्धा हिंदी महासागर ओलांडून माणूस ज्या गाडीसमोर उभा राहतो, तसली गाडी त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार ठिकाणी उभी असते. यावर वाहनप्रमुखांची प्रतिक्रिया पाहण्यासारखी असते. ते खचत नाहीत. पार्किंगमधून गाडी बाहेर निघेपर्यंत 'आपल्याला हीच कशी सोयीची' यावर त्यांचं विवेचन सुरू झालेलं असतं. दोन महिन्यांचा अभ्यास पंधरा मिनिटांत उलटा फिरवता येतो, यावरून त्या अभ्यासाचं गाडीशी नातं किती होतं ते कळावं.

यावर कुणी म्हणेल, सहा माणसं आणि त्यांचं सामान घेऊन जायचं म्हणजे गाडीचा विचार नको करायला? करायलाच हवा. किंबहुना तेवढाच एक विचार करण्याजोगा असतो, आणि तो दहा मिनिटांत होतो. माणसं मोजायची, बॅगा मोजायच्या. गंमत अशी की वाहनप्रमुख नेमकं हेच करत नाहीत. ते सात सीटची गाडी ठरवून मोकळे होतात. आता आपल्याकडच्यासारख्याच बहुतेक सात सीटच्या गाड्यांत तिसरी रांग उघडली की मागे उरते ती फार तर छत्र्या ठेवण्यापुरती फट. म्हणजे माणसं तरी बसतील नाहीतर बॅगा तरी. चकल्या, चिवडा, मेतकुटाची बरणी आणि 'तिकडे मिळालं नाही तर' या सदराखाली घेतलेलं पाच किलो सामान आत्याच्या मांडीवर येतं. आत्या काही बोलत नाहीत. त्यांना १९९२ सालची अष्टविनायकाची ट्रॅक्स आठवत असते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. अनोळखी मुलुख, बरोबर म्हातारी माणसं, लहान मुलं. मग जरा मोठी, दणकट गाडी नको का? विमानतळापासून पोर्ट लुईवरून उत्तरेकडे जाणाऱ्या महामार्गापुरतं हे पटण्यासारखं आहे. तिथे मर्यादा ताशी ११० पर्यंत जाते, जागोजागी वेग टिपणारे कॅमेरे आहेत, आणि जड गाडीत बरं वाटतं. पण माणूस मॉरिशसला महामार्ग बघायला जात नाही. तो जातो दक्षिणेला आणि पश्चिमेला, जिथे रस्ता दोन्ही बाजूंच्या उसातून जातो, गावात शिरला की फुटपाथ संपतो, कडेला उघडं गटार येतं आणि समोरून बस येते. बे द्यू काप जवळचं माकोंदेचं वळण तर एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असं आहे. इथे गाडीची उंची कामाला येत नाही, रुंदी नडते. हा ऊस ज्यांनी लावला आणि तोडला त्या गिरमिटियांमध्ये रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. त्यांचे पणतू आज तिथे गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि विसर्जनाला समुद्राकडे जाणारे रस्ते तुडुंब भरतात. सप्टेंबरात जायचं असेल तर ही माहिती कुठल्याही ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा उपयोगाची. सकाळच्या वेळी पोर्ट लुईत शिरणाऱ्या रस्त्यांवर होणारी कोंडी हीदेखील अशीच एक उपयोगाची गोष्ट. त्या कोंडीवर उतारा म्हणून आलेली तिथली मेट्रो आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली. २०१९ मध्ये तिचं उद्घाटन झालं. वाहनप्रमुखांना याचा अभिमान वाटतो. मात्र तिच्यात बसायची सूचना कुणी केलीच तर ते दुखावतात.

आता तिसरा आक्षेप, ज्याला माझ्याकडे उत्तर नाही. "अहो, माणूस हौसेने जातो. चार दिवस मोठ्या गाडीत बसावंसं वाटलं तर तुमचं काय जातं?" काहीच जात नाही. उलट मी म्हणतो की भाड्याची गाडी ही हौस करण्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपद्रवी जागा आहे. ना हप्ता, ना सर्व्हिसिंग, ना शेजाऱ्यांचं बघणं. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं मिरवणाऱ्या, छत उघडलेल्या जीपमध्ये बसलेली पंचविशीची पोरं हे बरोबर ओळखून असतात; त्यांना कुणी ॲव्हरेज विचारलं तर ती हसतील. माझी तक्रार एवढीच की वाहनप्रमुख हे वाक्य उच्चारत नाहीत. "मला लाल गाडी चालवायची आहे" असं ते सरळ म्हणाले असते, तर घरात कुणी नाही म्हटलं नसतं. पण आपल्या मध्यमवर्गीय घरांत हौसेचा ठराव उपयुक्ततेचं सर्टिफिकेट जोडल्याशिवाय मांडता येत नाही. सोनं घ्यायचं ते 'गुंतवणूक म्हणून', महाबळेश्वरला जायचं ते 'आईला हवापालट म्हणून'. तसंच मोठी गाडी हवी असते ती 'चढ आहेत ना तिकडे' म्हणून. मग चढ शोधावे लागतात. ज्या बेटावर ते फारसे नाहीत तिथेही ते सापडतात, आणि स्वतःची साधी इच्छा लपवण्यासाठी केलेली ही उठाठेव दोन महिन्यांनी स्वतःलाच खरी वाटू लागते. उघड्या टपाची गाडी तर यादीतही येत नाही. ती यादीत घालायची तर कारण काय देणार? डिसेंबरातलं तिथलं ऊन आणि क्युरपीपच्या पठारावर केव्हाही येणारा पाऊस हे दोन्ही विरोधी पक्षात. शेवटी हौसही होत नाही आणि हिशेबही धड होत नाही.

कारण हिशेब जिथे करायचा ती जागा वेगळीच असते. मूळ भाड्यातल्या विम्यात टायर, काचा आणि गाडीची खालची बाजू बहुधा धरलेली नसते. नुकसान झालं तर पहिली अमुक इतकी रक्कम आपल्या खिशातून जाते, आणि तेवढे पैसे आधीच कार्डावर अडकवून ठेवले जातात. गाडी ताब्यात घेताना आधीचे ओरखडे चारही बाजूंनी टिपून ठेवले नाहीत, तर परत देताना ते आपले होतात. कार्ड लागतं ते क्रेडिट कार्डच. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. हे सगळं करारात लिहिलेलं असतं आणि ते वाचायला अर्धा तास पुरतो. पण इंजिनच्या टॉर्कवर चार व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला करार वाचणं हे कारकुनी काम वाटतं. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं कलम तर त्यांच्या नजरेखालून हमखास निसटतं: क्रेडिट कार्ड ज्याच्या नावावर, मुख्य चालकही तोच. दुसऱ्याला चालवायची असेल तर त्याचं नाव आधी घालायचं, बऱ्याचदा वर पैसे भरून. आणि वाहनप्रमुखांचा तर बाणा, की आपण आयुष्यात उधारीचं कार्ड बाळगलं नाही. पुरेशी मर्यादा असलेलं कार्ड निघतं ते मेहुणीच्या पर्समधून. ती बँकेत असते, ठाण्याहून रोज स्वतः गाडी चालवत बीकेसीला जाते, आणि या दोन महिन्यांत ग्रुपवर तिने एक अवाक्षर काढलेलं नसतं. नाव घालायचे जादा पैसे ऐकून "कशाला उगाच, मी नुसता बसेन" असं म्हणत वाहनप्रमुख डावीकडच्या सीटवर बसतात, पट्टा लावतात, आरसा आपल्याला दिसेल असा फिरवतात, तो ती परत फिरवते, आणि पहिलं सर्कल यायच्या आत ते तिला सांगतात, "आता दुसरा टाक." गाडी ऑटोमॅटिक असते.