केसांना अटकपूर्व जामीन

मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली. सकाळचे साडेसहा. मुहूर्त अकरा सतराचा. खोलीत करवल्या सात, आरसे दोन आणि प्लग एक, तोही सैल. त्या प्लगात आधी मोबाइलचा चार्जर जाणार की स्ट्रेटनर, यावरून दोन मावसबहिणींत जी जुंपते, तिच्यापुढे मानपानाची भांडणं किरकोळ वाटावीत. शेवटी स्ट्रेटनर जिंकतो. लाल आकडे चढू लागतात: १८०, २००, २३०. तिथे पोचल्यावर यंत्र ‘टुंग’ करतं आणि खोलीला हायसं वाटतं.

हा आकडा खाली भटारखान्यात जाऊन सांगून पाहावा. भजी, वडे तळायला तेल साधारण १८० अंशांपर्यंत तापलं की पुरतं. आणखी पन्नास अंश चढवा म्हटलं, तर आचारी झारा खाली ठेवून यजमानांनाच बोलावून आणेल. वरच्या मजल्यावर मात्र तेच तापमान सख्ख्या भाचीच्या डोक्यावरून फिरतं आणि मावशी म्हणते, “अजून एकदा फिरव गं, टोकं बसली नाहीत.” दहावीच्या निकालापासून मराठी घराला आकडा वर नेण्याचीच सवय. यंत्रावर २३० लिहिलेलं असताना १८०वर थांबणं म्हणजे नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीला आर्ट्सला घालणं.

केस जळणार नाहीत का, अशी शंका सातांतली एखादी काढतेच. बाकीच्या सहा जणी एका सुरात म्हणतात, “कंडिशनर लावलंय ना!”

डोक्यावरचा केस आणि कोर्टातली केस मराठीत एकाच अक्षरांत लिहितात, ते इथे कामी येतं. कंडिशनर म्हणजे केसांच्या केसमधला अटकपूर्व जामीन. गुन्हा अजून घडलेला नाही, पण घडणार हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आदल्या रात्रीच बाथरूममध्ये अर्ज दाखल करून ठेवायचा. अर्जावर नेमकं काय मंजूर झालंय, ते बाटलीमागच्या बारीक अक्षरांत असतं. ती वाचायला चष्मा लागतो आणि लग्नात चष्मा कोणी लावत नाही.

मंजूर झालेलं असतं ते असं. केसाच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. धुऊन, विंचरून, भाजून ही कौलं निसटली की त्या जागी ऋण विद्युतभार उघडा पडतो. कंडिशनरमधले काही रेणू धनभारित असतात, ते नेमके तिथेच जाऊन चिकटतात. जिथे पडझड जास्त, तिथे मदत जास्त. पंचनामा नाही, तलाठ्याचा दाखला नाही, आधार लिंक नाही. पूरग्रस्तांच्या निधीला जे जमत नाही, ते शंभर रुपयांची बाटली दोन मिनिटांत करून दाखवते.

शिवाय डायमेथिकोनसारखी सिलिकोनं केसावर पातळ पापुद्रा चढवतात. त्यामुळे कंगवा अडत नाही आणि उष्णता आत जरा सावकाश, जरा सारखी पसरत जाते. जरा, एवढंच. न्यायाधीशांनी ‘अंतरिम’ म्हणावं आणि अशिलाने ते ‘निर्दोष’ असं ऐकून पेढे वाटावेत, तसं या पापुद्र्याचं झालं आहे. त्यातून धुऊन टाकायच्या कंडिशनरचा बराचसा भाग नावाप्रमाणे धुऊनच जातो. स्ट्रेटनरच्या आधी लावायची ती केसांत राहू देण्याची क्रीम किंवा हीट प्रोटेक्टंट स्प्रे. ही वस्तू वेगळी. पार्लरमधली मुलगी हे समजावून सांगते, तेव्हा गिऱ्हाइकाला त्यात फक्त वाढीव बिल ऐकू येतं.

मग हिशेबी मंडळी मधला मार्ग काढतात. धुवायचं कंडिशनर न धुताच राहू द्यायचं आणि केस दमट असतानाच इस्त्री उरकायची. ‘चर्र’ आवाज येतो, वाफ निघते, बघणाऱ्यांना काहीतरी घडतंय असं वाटतं. घडतंच. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. केसाच्या आतलं पाणी उकळलं तर ती जागा केसालाच करून द्यावी लागते आणि आत बुडबुडे धरतात. त्वचारोगतज्ज्ञ याला ‘बबल हेअर’ असंच म्हणतात. पापड फुलल्यासारखा केस फुलतो आणि पापडासारखाच मोडतो. कोरड्या केसातलं केराटिन साधारण २३० अंशांच्या आसपास कोलमडू लागतं. ओल्या केसात ती वेळ दीडशेच्या सुमारासच येते. म्हणजे १८०वर थांबून शहाण्यासारखं वागल्याचं समाधानही ओल्या केसांच्या नशिबी नाही.

हा छळ जुना आहे. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने १८७२मध्ये तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटा पाडायची रीत काढली. चिमटा आधी कागदावर टेकवून बघत. कागद करपला तर तो निवू देत. म्हणजे त्या काळी निदान कागदाची तरी साक्ष काढली जाई. कार्ल नेसलर या जर्मन केशकलाकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये केस कायमचे कुरळे करायचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. त्याआधीचे प्रयोग बायकोवर झाले होते आणि पहिल्या दोन वेळी तिचे केस जळून डोकंही भाजलं होतं, असं सांगतात. केसांना लावलेल्या मिश्रणात पाण्याबरोबर गोमूत्र होतं, अशीही नोंद सापडते. ही नोंद इथल्या उत्साही मंडळींच्या हाती अजून पडलेली दिसत नाही. नाहीतर एव्हाना ‘लंडनसिद्ध पंचगव्य हेअर स्पा’ निघून त्याच्या अनुदानाची फाइल मंत्रालयात फिरत असती.

खोलीतल्या कुरळ्या केसांच्या करवलीला सरळ व्हायला पाऊण तास लागतो. तिचा कुरळेपणा टाळूखालच्या मुळाच्या घडणीतून येतो आणि गंधकाच्या बंधांनी पक्का होतो. घरचा स्ट्रेटनर मुख्यतः सोडवतो ते हायड्रोजनचे कच्चे बंध. ते पाण्याने सुटतात, उष्णतेने सुटतात, केस थंड होताना नव्या जागी बसतात आणि दमट हवा लागली की पुन्हा मूळ पदावर येतात. म्हणून डोंबिवलीत सरळ केलेले केस दादरला उतरेपर्यंत माहेरी परतलेले असतात. जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूरने १७८३मध्ये माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक जगापुढे मांडलं. मुंबईत जून ते सप्टेंबर अशी हजारो यंत्रं लोकलच्या महिला डब्यात उभी असतात, फक्त वेधशाळा त्यांची नोंद घेत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्याने काढली त्याच्या घरात नक्कीच कुणाचे तरी केस कुरळे असणार.

जामिनाची खरी गरज असते ती टोकांना. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४५ सेंटिमीटर केसाचं टोक किमान तीन वर्षांचं. त्याने तीन दिवाळ्या, चार लग्नं, एक निवडणूक आणि सोसायटीच्या टँकरचं पाणी सोसलेलं असतं. कंडिशनर मात्र चोळलं जातं टाळूला, जिथला केस परवाच बाहेर आला आहे. टोकांच्या वाट्याला हाताला उरलेलं येतं. टोक दुभंगलं की त्याला जोडणारं औषध नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस जिवंतच नसतो. बाटलीवर ‘रिपेअर’ लिहिलेलं असतं, ते महापालिकेच्या अर्थाने. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी खड्डा बुजवायचा, पुढच्या पावसापर्यंत रस्ता गुळगुळीत. इथे पाऊस म्हणजे पुढचं न्हाणं.

या खटल्यात हेअर ड्रायरलाही सहआरोपी करतात. पण कोरियातल्या संशोधकांच्या २०११च्या प्रयोगात वेगळंच निघालं. ड्रायर ५ सेंटिमीटरवर धरला की तापमान ९५ अंशांवर गेलं आणि केसाचा पृष्ठभाग बिघडला. तोच १५ सेंटिमीटरवरून सतत हलवत ठेवला तर ४७ अंशांवर भागलं. आपोआप वाळू दिलेल्या केसांत मात्र आतल्या पेशी सांधणारा थर दुखावलेला दिसला. केस फार वेळ ओला राहून फुगतो, हे त्याचं संभाव्य कारण. ही माहिती घरात सांगायची सोय नाही. ‘केस वाऱ्यावर वाळव’ असं ज्यांनी चाळीस वर्षं बजावलं, त्यांच्यापुढे कोरिया चालत नाही.

त्या आजी खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची धरून बसल्या आहेत. त्यांचं मत एकच: खोबरेल. त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोन संशोधकांनी २००३मध्ये खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून होणारी प्रथिनांची गळती खोबरेलानेच कमी केली. खोबरेल विकणाऱ्या कंपनीला खोबरेल सरस आढळावं यात नवल नाही, पण कारणही दिलेलं आहे: लॉरिक आम्लाचा छोटा, सरळ रेणू केसाच्या आत शिरतो. निकाल धुण्या-विंचरण्यापुरता होता. आजींनी तो सर्व कलमांना लागू केला आहे.

सव्वानऊला फोटोग्राफर डोकावतो आणि “घरातल्या सगळ्या लेडीज एकत्र” असं फर्मान काढतो. आजी उठतात, आरशासमोर येतात, अंबाड्यातला आकडा काढून पांढरी बट पुढे करतात. “माझ्यावरही एकदा फिरव ते.”

करवली कंडिशनर शोधू लागते.

“ते काही नको. पहाटेच घाण्याचं तेल चोपडलंय चांगलं.”

घाण्याचं खोबरेल १७७ अंशांच्या आसपास धुरावू लागतं. यंत्रावर अजून २३०च आहे; आकडा खाली आणायचं बटण सातांतल्या एकीनेही कधी दाबलेलं नाही. प्लेटा मिटतात. निळसर धूर आरशावरून वर चढतो, दारातून जिन्यात उतरतो आणि खालून आचाऱ्याची हाक येते, “अहो, वर कुणी कढई गॅसवर ठेवून विसरलंय का?”